सैल जागेवरचे चार डाग

मिस्त्रींना सैल असलेलं काही खपत नसे. खिडकीच्या पडद्याची दोरी लोंबताना दिसली की ते उठून तिला गाठ मारत. दारातल्या चपला एका रेषेत लावत. समोरच्या माणसाचं बटण एका दोऱ्यावर लटकत असलं तर त्याचं बोलणं त्यांच्या कानात शिरतच नसे, सगळा जीव त्या बटणात अडकलेला. त्यांची बायको म्हणायची, "माझे केस वाढतात म्हणून बरं, नाहीतर वेणीलासुद्धा यांनी एकदाच काय तो डाग देऊन टाकला असता!"

डाग देणं म्हणजे कथील वितळवून धातूचे दोन तुकडे जोडणं. मिस्त्रींचा तोच धंदा. विज्ञान संस्थेच्या मागच्या अंगाला, सायकली ठेवायच्या छपराला लागून, त्यांचं वर्कशॉप होतं. आज रेणूची रचना संगणकाच्या पडद्यावर उमटते आणि बोटाने फिरवून बघता येते. तेव्हा ती पितळी काड्यांची करावी लागे. संस्थेतले संशोधक मापं घेऊन येत आणि मिस्त्री काडीला काडी जोडून अर्ध्या माणसाएवढं मॉडेल उभं करत. त्यांच्या कामात सांधा शोधून सापडत नसे. "डाग दिसला तर तो डाग, नाही दिसला तर काम," असं ते म्हणत आणि स्वतःच हसत. हा विनोद संस्थेत प्रत्येकाने ऐकलेला होता, तरी त्यांना आनंद होतो म्हणून लोक पुन्हा हसत.

त्यांची एकुलती एक मुलगी चिमटी. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. लहानपणी वर्कशॉपात जमिनीवर बसून ती सांडलेले बारीक स्क्रू चिमट्याने उचलून डबीत भरायची, तेव्हा कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. शिक्षण आटोपल्यावर ती तिथेच रोजावर काम करू लागली. बोटं बापाहून बारीक आणि नजर बापाहून धीट. फक्त तिचा डाग दिसे. सांध्यावर कथलाचा एक छोटा, गोल, चकचकीत दाणा राही.

"हे काय? मुंगीने अंडं घातलंय का?" मिस्त्री विचारत.

"असू दे की, बाबा. जोडलंय तर जोडलंय. त्यात लपवायचं काय?"

"लपवायचं नाही, साफ करायचं."

"तेच ते," असं म्हणून ती पुढचा सांधा हातात घ्यायची.

हे दोघं असं कुरकुरत, एकमेकांना टोमणे मारत, एकाच बाकावर सुखाने काम करत होते. पुढे जे झालं ते या सुखापोटीच झालं असावं, असं मला वाटतं.

एके दिवशी संस्थेतल्या बाई मोठं काम घेऊन आल्या. बाई प्रथिनांच्या रचनेवर काम करत. त्यांचा आवाज हळू होता, पण समजावून सांगायला लागल्या की समोरचा माणूस कोण, किती शिकलेला, हे त्या विसरून जात आणि म्हणूनच त्यांचं सगळ्यांना समजत असे. त्यांना दोन मॉडेलं हवी होती. संस्थेच्या प्रदर्शनात ती शेजारी शेजारी उभी करायची होती. एक ट्रिप्सिनोजेनचं आणि एक ट्रिप्सिनचं.

"म्हणजे एकाच घरातले दिसतायत," मिस्त्री म्हणाले.

"एकच आहेत. एक अगोदरचा, एक नंतरचा." बाई बाकावर टेकल्या. "आपण खातो त्यातली प्रथिनं आतड्यात कापावी लागतात. ट्रिप्सिन ही ती कापणारी कात्री. पण ती तयार होते स्वादुपिंडात. तिथेच चालू लागली तर स्वतःच्याच घराला कापील. म्हणून तिथे ती अर्धवटच बनते. तिला म्हणायचं ट्रिप्सिनोजेन. दोनशेहून जास्त मण्यांची माळ, गुंडाळलेली. टोकाला सहा मण्यांचं शेपूट. आतड्यात पोचली की दुसरं एक एन्झाइम ते शेपूट तोडतं, आणि मग ही कापायला लागते."

"समजलं. म्यानातली सुरी. म्यान काढलं की धार."

बाई हसल्या. "सगळे असंच म्हणतात. मीही पूर्वी तेच म्हणायचे. पण क्ष-किरणांनी तिच्या रचनेचा नकाशा काढला तेव्हा कळलं, म्यान नाहीच आहे. झाकलेलं काही नाही. सुरीला अजून धारच आलेली नाही." त्यांनी पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यांची चळत बाकावर ठेवली. प्रत्येक पत्र्यावर डोंगराच्या नकाशात असतात तशा वळ्यावळ्यांच्या रेषा. "हे पाहा. माळेचा बहुतेक भाग स्पष्ट दिसतो. पण इथे, इथे, इथे आणि शेपटाकडे, अशा चार ठिकाणी रेषा पुसट आहेत. का? तर हे भाग एका जागी ठरतच नाहीत. सैल आहेत, हलतायत. ज्या खाचेत कापायची वस्तू धरायची, ती खाच या सैल भागांतूनच व्हायची असते, म्हणून अजून झालेली नाही."

"आणि शेपूट तुटलं की?" हे चिमटीने विचारलं.

"शेपूट तुटलं की माळेला नवं टोक मिळतं. मोकळं. सहा मणी निघून जातात, पण ते नवं टोक बाहेर जात नाही. ते वळतं आणि आत शिरतं. आत एक मणी जणू त्याचीच वाट बघत असतो, त्याचा हात धरतं. मग जे जे सैल होतं ते सगळं आपापल्या जागी बसतं, खाच होते आणि कात्री कात्री होते." बाई उठल्या. "म्हणून मिस्त्री, पहिल्या मॉडेलात चार जागा सैल हव्यात. नुसत्या वाकवलेल्या नकोत. सैल."

"पितळ सैल कसं करणार, बाई?"

"ते मला येत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

जाता जाता बाई दारात थांबल्या आणि चिमटीकडे बघून म्हणाल्या, "प्रदर्शनाला मोठ्या संस्थेच्या वर्कशॉपचे प्रमुख येतायत. त्यांना मॉडेलं करणारं माणूस हवंय. मी तुझ्याबद्दल बोलून ठेवलंय. ते म्हणाले, तिचं काम बघू आणि ठरवू. तेव्हा पहिलं मॉडेल तू कर, चिमटी."

मोठी संस्था दुसऱ्या शहरात होती. तिथे मॉडेल करणाऱ्याला स्वतःचा बाक, स्वतःची हत्यारं आणि कामावर स्वतःचं नाव मिळत असे. इथे चिमटी जन्मभर मिस्त्रींची मुलगीच राहिली असती. त्या दिवसापासून ती शीळ घालत काम करू लागली, आणि मिस्त्री गप्प झाले.

घरी बायकोने विषय काढला. "जाऊ द्या की तिला."

"जाऊ नको म्हणालोय का मी?"

"नाही म्हणालात. पण जा असंही म्हणाला नाहीत."

"बघू," असं म्हणून मिस्त्रींनी पडद्याची दोरी बांधून टाकली. ती बांधलेलीच होती, तरीही.

काम सुरू झालं. दुसरं, म्हणजे नंतरचं, मॉडेल मिस्त्रींनी घेतलं. ते त्यांच्या स्वभावाचं होतं, सगळं आपापल्या जागी घट्ट. शेपूट तुटलेलं नवं टोक त्यांनी पक्कडीत धरून हळूच वळवलं, माळेच्या पोटात घातलं आणि आतल्या मण्याला टेकवून तिथे डाग दिला. तो डाग इतका साफ उतरला की त्यांनी बायकोला घरी जाऊन सांगितलं.

चिमटीने मात्र अडचण सोडवली ती भलतीकडूनच. मोडक्या घड्याळांतून तिने पोलादी स्प्रिंगच्या बारीक तारा काढल्या. चार सैल जागांवर पितळी काडी न घालता तिने ही तार घातली आणि तारेत पोकळ मणी ओवले. मॉडेल उभं राहिलं तेव्हा त्याचं सगळं अंग स्थिर होतं, पण त्या चार जागा जराशा धक्क्याने थरथरायच्या. बाहेर कुणी सायकल लावली तरी शेपटाचे सहा मणी डुलायचे. कुणी जवळून गेलं की किणकिण व्हायची.

"अरे देवा! याला थंडी वाजतेय का?" मिस्त्री म्हणाले.

"तयार नाहीये ना ते अजून, म्हणून," चिमटी म्हणाली. तिने बोटाने शेपटाला टिचकी मारली आणि सहा मणी डुलत राहिले. ते थांबेपर्यंत ती बघत उभी राहिली. इतकी खूश ती क्वचित दिसायची. त्या आठवड्यात बाई परगावी गेल्या होत्या, त्यामुळे हे मॉडेल त्यांनी पाहिलं नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी दोन्ही मॉडेलं दिवाणखान्याएवढ्या दालनात मांडून झाली होती. चिमटी घरी कपडे बदलायला गेली होती. मिस्त्री फडकं घेऊन धूळ पुसायला आत आले. दालनात कुणी नव्हतं. त्यांच्या पावलांनी फरशी हलली आणि पहिल्या मॉडेलाचं शेपूट थरथरलं.

ते बघत राहिले. शेजारी त्यांचं मॉडेल, आरशासारखं. आणि हे लोंबणारं, हलणारं. लोक येतील, बोट लावतील, म्हणतील, काम कच्चं राहिलंय. पोरीला हसतील. मोठ्या संस्थेचे ते पाहुणे म्हणतील, हिला साधा सांधा घट्ट करता येत नाही. निदान मनाशी ते तसंच म्हणाले. त्या म्हणण्याच्या तळाशी आणखी काही होतं का, म्हणजे पाहुण्यांनी नाही म्हटलं तर बाकावरची दुसरी जागा भरलेली राहील असं काही, ते त्यांनी पुढे कितीदा तरी स्वतःला विचारलं. उत्तर कधीच सरळ आलं नाही.

डाग द्यायची सळई तापायला वेळ लागतो. तेवढा वेळ नव्हता. त्यांनी गॅसची बत्ती आणली, झोत थेट तारेवर धरला आणि एकामागून एक चारही जागा कथलाने भरून घट्ट करून टाकल्या. वर पॉलिश. डाग कुठेही दिसत नव्हता. त्यांनी फरशीवर पाय आपटून पाहिला. काहीही हललं नाही. त्यांना बरं वाटलं.

चिमटी आली ती पाहुण्यांबरोबरच. बाई पुढे, पाहुणे मागे, आणि तिला बापाशी बोलायला सवड मिळाली नाही. पाहुणे उंच, वाकून बघणारे गृहस्थ होते. ते दुसऱ्या मॉडेलाभोवती फिरले. "सुरेख." मग पहिल्याकडे आले. खिशात हात घालून बराच वेळ उभे राहिले. शेपटावर हळूच फुंकर घातली. मग बोटाने ढकलून पाहिलं.

"काम नेटकं आहे," ते बाईंना म्हणाले, "पण हे आणि ते, दोन्ही तयारच आहेत की. मग आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं? फक्त सहा मण्यांचा फरक?"

बाईंचा चेहरा उतरला. "चिमटी, सैल ठेवायला सांगितलं होतं ना गं?"

चिमटी मॉडेलाजवळ गेली. तिने वाकून शेपटाच्या मुळाशी पाहिलं, एक बोट फिरवलं. मग तिने मान वर करून बापाकडे पाहिलं. मिस्त्री भिंतीशी फडकं घेऊन उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. "मी केलं" हे दोन शब्द जिभेवर होते. पण दालन माणसांनी भरलेलं होतं, सगळे त्यांना ओळखत होते, आणि शब्द जिभेवरच राहिले.

"चुकलं," चिमटी म्हणाली.

"हात चांगला आहे," पाहुणे समजुतीने म्हणाले. "समज काय, येईल हळूहळू." आणि ते बाईंशी दुसरंच काही बोलत दाराकडे चालू लागले.

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. चिमटी रडली नाही, रुसली नाही, बापाला एका शब्दाने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर बाकावर आली. शीळ मात्र ती पुन्हा घालेना. मिस्त्रींना वाटलं, चार दिवसांनी घालेल.

पुढे वर्षं गेली तशी सगळ्यांचीच जातात. मिस्त्री निवृत्त झाले, वर्कशॉप चिमटीकडे आलं. तिने लग्न केलं, दोन गल्ल्या सोडून संसार मांडला. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासणारा, शांत माणूस. घर आनंदी होतं, उगाच दुःख चिकटवण्यात अर्थ नाही. पण संस्थेत संगणकाचे पडदे आले आणि मॉडेलांचं काम संपलं. घड्याळाच्या तारेतून थरथर काढणारी ती बोटं आता कपाटांची कुलपं दुरुस्त करत, खोल्यांच्या पाट्या कापत. कुणी विचारलं तर ती म्हणे, "मजेत आहे की! कुलूप तरी उघडतं, नाहीतर बसतं. अधलंमधलं काही नाही." सगळे हसत. मिस्त्रींना हसू येत नसे.

ते रोज ठरवत, आज सांगू. चिमटी संध्याकाळी कामावरून परतताना आईबापाकडे डोकावून जाई. ती निघायला लागली की ते म्हणत, "थांब जरा." ती थांबे. मग ते चहाचं विचारत, जावयाच्या खोकल्याचं विचारत, छत्री आणलीस का विचारत. बायको एकदा वैतागून म्हणाली, "अहो, तिला थांब थांब म्हणता आणि थांबवून बोलत तर काही नाही!"

एका संध्याकाळी चिमटी आली ती मोठं बोचकं दोन्ही हातांनी उचलून. कापड सोडलं तर आत पहिलं मॉडेल. पितळ काळवंडलेलं, दोन काड्या वाकलेल्या.

"दालन रिकामं करतायत. हे भंगारात चाललं होतं," ती म्हणाली. "म्हटलं घेऊन जावं."

"आणि दुसरं?"

"ते बाईंच्या घरी गेलं. त्यांना तेच आवडायचं." तिने मॉडेल जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मिस्त्रींची नजर शेपटावर गेली. इतक्या वर्षांनीही डाग दिसत नव्हता.

"चिमटे," ते म्हणाले, "त्या चार जागा..."

"हो."

"त्या मी..."

"बाबा, तुमचा डाग मी डोळे मिटून बोटाने ओळखीन. इतका साफ डाग दुसरं कोण देतं?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं.

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

"कुठवर थांबलीस?"

ती जराशी हसली. "पाहुणे दारापर्यंत जाईपर्यंत. मग म्हटलं, जाऊ दे. बाबांचं तोंड तरी कशाला पाडायचं सगळ्यांसमोर?"

मिस्त्रींनी मॉडेल तिच्याकडे सरकवलं. मग ते म्हणाले, "सोडव ते. आत्ता. सळई आहे घरात."

"आता कशाला, बाबा?"

"सोडव."

त्यांचा स्वतःचा हात आता कापत असे, नाहीतर ते तिला म्हणाले नसते. चिमटीने सळई तापवली, चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि एकेका जागेचं कथील वितळवून फडक्याने पुसून काढलं. तारांच्या टोकांना तिने त्या वेळी दिलेले ते छोटे गोल दाणे कधीच वितळून गेले होते, त्यांचा मागमूसही नव्हता. चौथी जागा मोकळी झाली. मिस्त्री पुढे वाकले.

शेपूट खाली आलं आणि लोंबत राहिलं. चिमटीने टिचकी मारली. सहा मणी एका बाजूला गेले आणि तिथेच थांबले. डुलले नाहीत. थरथरले नाहीत. तिने टेबलाला धक्का दिला. चारही जागांवर तार ओल्या दोऱ्यासारखी पडून राहिली.

"मेली स्प्रिंग," ती म्हणाली. "बत्ती धरली होती ना तुम्ही? झोतावर?"

मिस्त्रींनी मान हलवली. पोलादाची तार लाल होईपर्यंत तापली की तिचा ताण जातो, मग ती वाकते पण उसळत नाही. हे त्यांनीच तिला शिकवलं होतं, ती चिमट्याने स्क्रू उचलायची तेव्हा. त्या सकाळी त्यांना ते आठवलं नव्हतं, आणि नंतरच्या इतक्या वर्षांत, इतक्यांदा ती सकाळ आठवूनही, एकदासुद्धा सुचलं नव्हतं. ते आपले समजत होते, डाग आहे, कधीतरी काढू, खाली सगळं जसंच्या तसं असेल.

"घड्याळाची तार मिळते अजून," चिमटी हळूच म्हणाली. "घालू का नवी?"

"तुला घालावीशी वाटतेय?"

तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. "खरं सांगू का, बाबा? नाही वाटत. तेव्हा वाटत होतं."

तिने सळई थंड व्हायला बाजूला ठेवली, आईशी आत जाऊन चार शब्द बोलली, पिशवी खांद्याला लावली. दारात चपला घालताना, रोज म्हणायची तसंच, मागे न बघता म्हणाली, "येते हं, बाबा."

रोजच्यासारखं "थांब जरा" त्यांच्या ओठावर आलं. पण आज त्यांना तो शब्द प्रथमच नीट ऐकू आला. येते. निघालेलं माणूस जाते म्हणत नाही, येते म्हणतं. त्या वर्षी ती मोठ्या संस्थेत जायला निघाली असती तरी, सामान घेऊन याच दारात चपला घालताना, तिने हेच म्हटलं असतं. शेपूट तुटलं की टोक बाहेर जात नाही, आतच वळतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या पक्कडीने वळवून आत बसवलं होतं. त्याचा डाग किती साफ उतरला तेसुद्धा घरी येऊन सांगितलं होतं.

"ये," ते म्हणाले.

चिमटी क्षणभर थबकली. त्यांच्याकडून असं उत्तर तिला कधी मिळालं नव्हतं. मग पायऱ्या उतरून गेली.

बायको बाहेर आली. "दार लावा की आता. काय बघताय?"

मिस्त्री दाराशी उभेच होते. आत टेबलावर सहा मणी, ती ठेवून गेली होती तसेच, एका बाजूला कललेले.